हलतोय, पण पडलो नाही

मी चंद्रशेखरांचा दात बोलतोय. खालच्या ओळीतला, अगदी समोरचा. हलतोय, हे कबूल. पण पडलेलो नाही, हे आधी ऐकून घ्या!

सातव्या वर्षी त्यांनी सांगलीच्या घराच्या कौलांवर दुधाचा दात भिरकावला आणि त्याच्या जागी मी उगवलो. काय दिवस होते! उसाचं कांडं सोलायला मीच पुढे. चाळीस वर्षं माझी कुणाकडे तक्रार नव्हती.

मग चौऱ्याण्णव साली बँकेने त्यांची लखनौला बदली केली. तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर मिळालं, पण त्यांचं मन काही रमलं नाही. त्याच हिवाळ्यात तिकडे सांगलीत त्यांची आई गेली. चंद्रशेखर तिथे पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले ते गप्पच झाले. सकाळी ब्रश हातात घ्यायचे आणि तसाच ठेवायचे. "काय करायचंय घासून?" म्हणायचे. अहो, मला विचारा ना!

हिरड्या सुजल्या. रक्त येऊ लागलं, तोंडाला वास मारू लागला. आणि या गृहस्थांनी काय करावं? पान खायला सुरुवात केली! वास झाकला, रक्तही झाकलं. बेसिन लाल दिसलं की त्यांची बायको वसुधाबाई कडाडायच्या, "शोभतं का हो? लखनौला आलात आणि नवाब झालात!" हे निमूट ऐकून घ्यायचे. खरं सांगायची लाज. बोलताना तोंडावर हात, मग बोलणंच बंद. मला असा राग यायचा!

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये पानवाला भैया गव्हाच्या कापणीला लखनौजवळच्या बख्शी का तालाब या आपल्या गावी गेला. आठ दिवस दुकान बंद. तरी बेसिन लालच.

वसुधाबाई तिथेच थबकल्या. "अहो, पान तर नाहीये. मग हे काय?"

"रक्त," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं."

वसुधाबाईंनी नळ सोडला, बेसिन धुतलं आणि रिक्षा बघायला स्वतःच खाली गेल्या.

दातांच्या डॉक्टर रिझवींच्या खुर्चीत बसताच हे म्हणाले, "सब निकाल दीजिए. अब किसलिए चाहिए?"

माझं तर धाबंच दणाणलं. चिमटा शेजारीच ठेवलेला. डॉक्टरीणबाईंनी मला बोटाने हलवून पाहिलं. मी जीव खाऊन हाडाला धरून राहिलो. म्हटलं, उपटून दाखवाच!

"हिल रहा है, गिरा नहीं है," त्या म्हणाल्या. मग चिमटा दूर सारून त्यांनी विचारलं, "नींद आती है आपको? आख़िरी बार हँसे कब थे?"

चंद्रशेखर तसेच उघड्या तोंडाने रडायला लागले. वसुधाबाईंनी त्यांचा हात धरला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मन खचलं की माणूस तोंडाची हेळसांड करतो, हिरड्या बिघडल्या की चारचौघांत जात नाही, आणि एकटा पडला की आणखी खचतो. "इलाज दोनों का है, भाईसाहब. शर्म का मेरे पास नहीं." इकडे हिरड्यांची सफाई सुरू झाली, तिकडे मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या.

आता डिसेंबर लागलाय. सगळं छान झालंय म्हणणार नाही. शेजारचा दात काढावाच लागला बिचारा. काही सकाळी हे अजून भिंतीकडे बघत बसतात. मग वसुधाबाई बडबड करत ब्रशवर पेस्ट लावून हातात देतात, आणि हे घासतात. थोडं रक्त आलंच तर हाक मारून दाखवतात.

तुमच्या घरी कुणी तोंडावर हात ठेवून बोलत असेल, तर त्याला शिष्ट म्हणू नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा. आणि तुम्हीच ते असाल, तर आमच्यासारख्या हलणाऱ्यांना एवढ्यात निरोप देऊ नका. आम्ही चिवट असतो!

काल घरात पेरू आले. "फोडी करून देऊ?" वसुधाबाईंनी विचारलं.

"नको," हे म्हणाले आणि अख्खा पेरू तोंडाशी नेला.

कळ मस्तकात गेली हो. पण चावा मीच घेतला.