रागावणारी तसबीर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या गजांना धरून पुण्य कमावत होते. समोर मखमली पडद्यामागे मुद्रामहाराजांच्या दिवंगत गुरूंची तसबीर होती. पुण्यवान समोर आला की ती हसते, पापी आला की कपाळाला आठी घालते, अशी तिची ख्याती.

मी हौसेनं गेले नव्हते. आदल्या आठवड्यात शेजारीण माझ्या आईला चाकांच्या खुर्चीतून तिथे घेऊन गेली, सोबत वहिनी होती. तसबीर म्हणे वहिनीवर रागावली. तेव्हापासून आई तिच्या हातचा घास घेईना. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला भरवावं लागतं. दादा फिरतीवर आणि मी दिवसभर दवाखान्यात. आई वाळत चालली होती.

"तिच्या मनात विष आहे," आई म्हणाली. "गुरूंच्या भुवया अशा जवळ आल्या. या डोळ्यांनी पाहिलं मी."

"आणि ती रोज तुला न्हाऊमाखू घालते ते?"

"ते लोकांना दाखवायला."

पुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी दोघींना घेऊन पुन्हा तिथेच गेले.

सभागृहाला नव्या खुर्च्या देणारा ठेकेदार तसबिरीसमोर आला. महाराजांचा शिष्य गोड गळ्यानं म्हणाला, "गुरू प्रसन्न झालेत, ओठांवर हसू फुटतंय." पडदा सरकला. "हसले, हसले," सभागृह गहिवरलं. मग एक शिंपीण आली. तिनं नुसताच नमस्कार आणला होता. "गुरू दुखावलेत. या बाईनं काहीतरी लपवलंय." लगेच सगळ्यांना आठी दिसली. क्षणभर मलाही दिसली, खोटं कशाला बोलू?

झटक्यानं वाचा गेलेल्यांना मी बोलायला शिकवते. चेहऱ्यांची चित्रं दाखवून 'हा हसतोय की रागावलाय' असं विचारणं हे माझं रोजचं काम. त्यातला पहिला नियम म्हणजे चित्राआधी आपण अवाक्षर काढायचं नाही. आधी 'राग' म्हटलं की साधा चेहराही रागीट दिसायला लागतो. महाराजांनी हाच नियम मोडून पोट भरलं होतं, आणि ते चांगलंच भरलेलं दिसत होतं.

मी उठले. "महाराज, गुरूंना निवेदक कशाला? आज शिष्यांनी मौन पाळावं."

मौन हा शब्द गर्दीला भारी पवित्र वाटला. माना डोलल्या.

"मौनातलं तेज तुम्हाला सोसणार नाही," महाराज म्हणाले.

"सोसेल, सोसेल," भक्त म्हणाले.

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. वहिनी पुढे गेली. मी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मग म्हटलं, "पडदा सरकल्याचा आवाज आला की डोळे उघडा आणि शेजारी न बघता फक्त तसबिरीकडे बघा. गुरू हसले वाटलं तर उजवा हात वर, रागावले वाटलं तर डावा."

पडदा सरकला. उजवे, डावे, सगळ्या तऱ्हेचे हात वर गेले. "अहो, हसतायत की," एक बाई नवऱ्याला म्हणाली. "चष्मा बदल तुझा," नवरा म्हणाला. मागून कोणीतरी म्हणालं, "मला तर पेंगुळलेले वाटतात."

"ज्याच्या मनात पाप, त्याला राग दिसतो," महाराजांनी सारवासारव केली.

ठेकेदाराचा डावा हात वर होता. "म्हणजे मी पापी? खुर्च्या घेताना नाही आठवलं ते?"

"चित्रकारानं ना हसू काढलंय ना आठी," मी म्हणाले. "चेहऱ्यावरून नीट कळलं नाही, की मेंदू कानावर पडलेल्या शब्दाचा आधार घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, आपला रोजचा संसार त्यावरच चालतो. पण तो शब्द कोण घालतंय आणि कशासाठी, एवढं तरी विचारा. आई, वहिनीबद्दल या शिष्याला कोणी सांगितलं?"

"त्या दिवशी रांगेत पाणी देताना त्यानं घरचं विचारलं," आई खालच्या आवाजात म्हणाली. "मीच म्हटलं, सून मुद्दाम अळणी जेवण देते."

"मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, आई."

शिष्य पाण्याचा जग घेऊन मागच्या दारानं सटकला.

घरी वहिनी भाताची वाटी घेऊन आईसमोर बसली. आई बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला काही ठरवता येईना. शेवटी तिनं विचारलं, "रागावलीस माझ्यावर?"

"हो," वहिनी म्हणाली. "खूप."

आईनं मान हलवली आणि तोंड उघडलं.