ह्यांचं म्हणणं

माझ्या नवऱ्याच्या डोक्यातल्या गाठीनं त्यांचे सगळे शब्द खाल्ले, फक्त एक ठेवला. व्हय. राजकुमार पगारे म्हणजे चितेगावच्या कंपनीत बारा वर्षं सुपरवायझर, शिफ्टमधल्या साठ माणसांना नावानिशी हाक मारणारा माणूस. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले ते एवढाच शब्द घेऊन.

भेटायला येणाऱ्यांचं त्यावर छान भागायचं. "बरं वाटतं ना आता?" व्हय. "जेवण जातं का?" व्हय. कुणी "जयभीम, राजाभाऊ" म्हटलं तरी हे व्हयच म्हणायचे, आणि ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. सफरचंदं ठेवायची, टीव्हीकडं बघत चहा प्यायचा, निघायचं. जाताना मला सांगायचं, "विशाखा, तू लई हिमतीची गं." हिमतीच्या बाईला मदत लागत नाही, हे सगळ्यांनाच सोयीचं पडतं. सासूबाई भामाबाई आमच्याकडंच असतात, पण त्या दिवसभर बाहेर ओट्यावर बसून राहायच्या. लेकाला तसं बघवत नव्हतं त्यांना.

खोटं कशाला बोलू, ह्यात माझाही हात होता. मीच कौतुकानं ओट्यावर जाऊन सांगायचे, "आत्याबाई, वरण आणखी वाढू का विचारलं, तर व्हय म्हणाले." मला ते खरं हवं होतं. ह्यांना काही कळत नाही असं एकदा तोंडानं म्हटलं असतं, तर मग त्या घरात मी कुणासोबत राहत होते?

डिसेंबरात गाठ पुन्हा वाढली. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करता येईल. नीट झालं तर दोन-तीन महिने जास्त मिळतील. पण टेबलावरच काही होऊ शकतं, आणि वाचले तरी उजवं अंग जाईल. शनिवारपर्यंत काय ते सांगा.

थोरले दीर बन्सीभाऊ आले. त्यांनी सासूबाईंना आत बोलावलं आणि ह्यांच्या कानाशी वाकले. "राजा, ऑपरेशन करायचं ना?"

"व्हय."

"ऐकलं? त्याचं तो बोलला. आता आपण मधी पडायचं नाय." सासूबाईंनी डोळे पुसले. दोघांच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि मला असा संताप आला की मी तिथंच ह्यांच्यासमोर बसले.

"अहो, ऑपरेशन नको ना?"

"व्हय."

"घरीच राहायचं?"

"व्हय."

"तुमचं नाव बन्सी आहे?"

"व्हय," हे म्हणाले, आणि हसलेसुद्धा.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी पाच महिने तू आमाला फसवत व्हतीस?"

बन्सीभाऊ चपला शोधायला लागले. "मग विशाखा, आता तूच काय ते ठरव. बायको तू हायेस." जोवर ह्यांचा होकार होता, तोवर सगळे सोबत होते.

दवाखान्यात दर शनिवारी मागच्या खोलीत अशा पेशंटच्या घरच्यांची बैठक असते. सुलेखाताई ती घेतात. त्यांनी तीनदा बोलावूनही मी गेले नव्हते, ह्यांना कुणाच्या भरवशावर टाकणार? त्या शनिवारी शेजारणीला तासाभरासाठी बसवलं आणि गेले. सात माणसं होती. ऑपरेशन हवं की नको, ते लिहून द्यायचा दवाखान्याचा फॉर्म मी पुढं ठेवला. "सही कशावर करू, सांगा."

"ते मी नाही सांगू शकत," सुलेखाताई म्हणाल्या. "पण तुमची सही होईपर्यंत इथून कुणी उठणार नाही."

करमाडचे कारभारी शेजारी बसले होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी ते येतात. "म्या आप्रेशन करा म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "तीन महिने जगली. रोज वाटतं, नको म्हनाया पायजे व्हतं."

"आणि नको म्हटलं असतं तर?"

"तरी हेच वाटलं असतं, पोरी."

कुणीही धीर धर म्हणालं नाही, त्याबद्दल मी त्या माणसांची जन्माची ऋणी आहे. मी 'ऑपरेशन नको'वर सही केली. कारभारींनी कागद धरून ठेवला.

घरी आले तेव्हा ह्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. मऊ भात कालवून ताटली घेतली आणि ओट्यावरच्या सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी नको म्हणून लिहून दिलं."

त्या उठल्या. आत आल्या आणि माझ्या हातातली ताटली ओढून घेतली. "आता माझ्या लेकराला तू हात लावू नको." माझ्याकडं पाठ करून त्या भरवायला बसल्या. घास लहान करत होत्या, मधेमधे ओठ पुसत होत्या. सगळं अगदी बरोबर करत होत्या.

पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातातलं काम घेतलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर टेकले. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मला झोप लागली, गाढ, आणि त्या झोपेसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.