आतली खोली

मोजणीदार बाई आल्या तेव्हा कंपाउंडर मुद्दाम घरी थांबला होता. पंचवीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीआड गोळ्या मोजून देण्यात गेल्यामुळे वसाहतीत सगळे त्याला त्याच नावाने ओळखत, आणि मोजमापातली चूक त्याला डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी खुपे. नगरपालिकेची ही जुनी चार मजली वसाहत पाडून तिथे उंच इमारती उठणार होत्या, पहिली शेजारच्या मैदानावर तयारही झाली होती; ज्याची जुनी जागा जेवढी, तेवढीच त्याला नवी मिळणार होती, म्हणून त्याने आदल्या दिवशी स्वतःच टेप लावून घर मोजून ठेवलं होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आणि बोळाच्या टोकाला आतली खोली. त्या आतल्या खोलीत ताई राहायची.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. टेलिफोन खात्यात ती ऑपरेटर होती, आणि तिचा आवाज असा की नुसतं ‘नंबर सांगा’ म्हटलं तरी समोरचा माणूस दोन शब्द जास्त बोलायचा. मग एके दिवशी ती कामावरून आली, चपला काढून पलंगावर बसली, आणि तिने घराबाहेर पडणं सोडलं ते सोडलंच. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तिचा कुणाला त्रास नव्हता. जिन्यातल्या सगळ्या घरांतले शर्ट तिच्याकडे बटणं लावायला यायचे आणि तिने लावलेलं बटण शर्ट विरला तरी तुटायचं नाही. तरीही कंपाउंडरची बायको, दिवसभर पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळून दमून आल्यावर, ताईचं ताट आत नेताना दाराशी क्षणभर थांबून एक श्वास घ्यायची. तो श्वास त्याला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तसाच श्वास तोही घ्यायचा, फक्त बायको घरात नसताना.

मोजणीदार बाईंकडे टेप नव्हता. लाल ठिपका पाडणारं एक छोटं यंत्र होतं. ठिपका समोरच्या भिंतीवर पडला की आकडा दिसे आणि बाई तो कागदावर लिहीत. बोळात उभं राहून त्यांनी ते समोर धरलं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, पलंगावर बसलेली ताई सुईत दोरा ओवत होती, आणि ठिपका तिच्या मागच्या खिडकीखाली पडायला हवा होता. कंपाउंडरला तो कुठेच पडलेला दिसला नाही. बाईंनी बोळाची लांबी लिहून घेतली, यंत्र खिशात टाकलं आणि पाणी मागितलं.

“आतली खोली राहिली,” कंपाउंडर म्हणाला.

बाईंनी त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसल्या. जास्त जागा सांगणारे त्यांना रोजच भेटत असणार.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, “छोट्या, त्या बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही रे.”

पंधरा दिवसांनी यादी लागली. त्याच्या नावापुढे एक खोली आणि स्वयंपाकघर होतं, राहणारी माणसं दोन. कारकुनाची चूक असेल असं समजून तो वसाहतीच्या समितीच्या सेक्रेटरीकडे गेला. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त कंडक्टर, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. त्यांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग, आजारी माणसाशी बोलावं तसं, तुझं घर पहिल्यापासून एकाच खोलीचं आहे, असं सांगितलं. ताईचं नाव काढल्यावर ते गोंधळले. कुठली ताई, म्हणाले. त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण ताईने लावलेलं होतं, तिच्या पद्धतीने, चौकटीत फुली घालून. कंपाउंडर त्या बटणाकडे बघत राहिला.

नगरपालिकेत त्याने दोन सुट्ट्या घालवल्या. तिथला साहेब भला होता. संमतीपत्रावर सही करायची नसेल तर हरकत जरूर घ्या, म्हणाला. पण हरकत घेतली की फाईल परत मोजणीला जाते, तुम्ही पहिल्या टप्प्यातून तिसऱ्यात पडता, आणि तिसरा टप्पा कधी ते मलाही माहीत नाही. तोवर तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्या आहेत.

बायकोने हे ऐकून घेतलं. ती भांडली नाही, उलट फार हळू आवाजात म्हणाली, “पत्र्याखाली राहायचं वय आहे का आपलं? करून टाका सही.”

“आणि ताई?”

ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिने वरही पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून घरात दोनच ताटं वाढली जाऊ लागली. कंपाउंडर स्वतःच्या ताटातलं अर्धं वाटीत घालून आत न्यायचा. ताई तक्रार करत नसे. फक्त तिच्याकडे आता शर्ट येत नव्हते, म्हणून ती स्वतःच्याच ब्लाउजांची बटणं उसवून पुन्हा लावायची. एकदा वाटी परत देताना ती म्हणाली, “माझ्यामुळे अडून राहू नकोस. कर सही. मी काय, कुठेही बसेन.”

त्याने सही केली.

सामान हलवायचा दिवस उजाडला. सकाळी टेम्पो आला तेव्हा तो आधी आत गेला. ताईला अकरा वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडायचं होतं. तिला भीती वाटेल, हात धरून न्यावं लागेल, असं त्याच्या मनात होतं. ताई मात्र निवांत होती. कपाट खाली जाऊ दे, मग तुला न्यायला येतो, असं त्याने तिला सांगितलं. हमालांच्या मागोमाग तो कपाट सांभाळत चार जिने उतरला, दोर आवळून घेतला आणि धापा टाकत परत वर आला.

बोळाच्या टोकाला भिंत होती.

नवी नव्हती. बाकीच्या भिंतींसारखीच पोपडे धरलेली, तोच पिवळट रंग, खाली ओल. त्याने तिच्यावरून हात फिरवला, मग कान लावला. बायको मागे येऊन उभी राहिली आणि तिने काय शोधताय म्हणून विचारलं. तो ओरडू शकला असता, सेक्रेटरींना हाक मारू शकला असता, हमालांकडची पहार घेऊ शकला असता. यातलं त्याने काहीच केलं नाही. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून घ्यावा तसं त्याला एक क्षणभर हलकं वाटलं. पुढे त्याला त्या भिंतीचा इतका जाच झाला नाही, जितका त्या क्षणाचा झाला.

बायकोने कुलूप लावलं आणि किल्ली नगरपालिकेच्या माणसाच्या हातात दिली.

नवी जागा चांगली होती. लिफ्ट होती, दिवसभर ऊन यायचं. त्यांच्यात ताईचा विषय कधी निघाला नाही. महिन्याभराने जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा सगळी वसाहत रस्त्याच्या पलीकडे जमली. लोक आपापली खिडकी दाखवत होते, कुणी फोटो काढत होतं, सेक्रेटरी कुणाची तरी थट्टा करत होते. यंत्राचा लांब हात चौथ्या मजल्याला टेकला आणि बाहेरची भिंत पापुद्र्यासारखी निघून आली.

आत पलंग होता, त्यावर चादर नीट घातलेली. ताई कडेला बसली होती, पायांत चपला, मांडीवर पिशवी, तोंड दाराकडे.

कंपाउंडरने आजूबाजूला पाहिलं. लोक हसत होते, बोलत होते, त्याच मजल्याकडे बघत होते. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. यंत्राचा हात मागे गेला आणि पुन्हा वर उचलला जाऊ लागला. त्याच्या घशातून आवाज निघणार एवढ्यात बायकोने त्याचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत. तिने मान खाली घातली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“अहो,” ती पुटपुटली, “तिकडे बघू नका. त्या वळून बघतील.”