भुऱ्याचा पट्टा

हौशीरामाचा संशय एकदा कुणावर बसला की उठायचं नाव घेत नसे. या खेपेला तो शेजारच्या दादाभाऊवर बसला होता, आणि निमित्त होतं भुऱ्या कुत्र्याच्या मानेवरची जखम.

शिनोलीत उसाला लागून घर असलेल्याला कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही. बिबट्या आधी कुत्र्याची मानच धरतो. म्हणून भुऱ्याच्या गळ्यात बाहेरून टोकदार खिळे असलेला चामडी पट्टा असे. त्याच्याच खाली कातडं चिघळलं. घोडेगावच्या डॉक्टरांनी केस कापले, जखम धुतली, निळ्या औषधाचा स्प्रे दिला. "सकाळ-संध्याकाळ मारा, आणि जखम उघडी राहू द्या," म्हणाले. हौशीरामाने फडकं काही बांधलं नाही. इमानेइतबारे स्प्रे मारायचा, आणि बिबट्याच्या भीतीने लगेच पट्टा चढवायचा.

तरी जखमेला वास सुटला, भुऱ्याने भाकरी सोडली. आता हे कुत्रं हातचं जाणार, असं हौशीरामाला वाटू लागलं.

औषध चांगलं, हात आपला, मग वाकडं कुणाचं? दादाभाऊचं! त्याच्या कोंबड्यांमागे भुऱ्या लागायचा, तो राग असणारच. हौशीराम पारावर सगळ्यांदेखत ओरडला, "दादाभाऊच माझ्या कुत्र्यावर काहीतरी वततोय!" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

एका सकाळी भुऱ्या दादाभाऊच्या अंगणाकडे निघाला. हौशीराम मागोमाग जाऊन कडब्याच्या गंजीआड लपला. दादाभाऊने इकडेतिकडे पाहिलं, भुऱ्याला जवळ घेतलं आणि पट्ट्याचं बक्कल सोडलं.

"सापडलास!" हौशीराम पुढे झेपावला. "पट्टा काढून बिबट्याला ताट वाढतोस व्हय रं?"

दादाभाऊने पट्टा उलटा करून पुढे धरला. आतलं चामडं निळंशार, ओलं, पू आणि केसांनी चिकट झालेलं.

"बघ. निम्मं औषध तू पट्ट्यालाच पाजलंस. वलं असतानाच आवळतोस, मग वाळायचं कसं? रोज घटकाभर काढून ठेवतो मी. सांगायला यावं तर तू त्वांड फिरवतोस."

हौशीरामाला तोंड वर करवेना. आपल्याच हाताने आपण कुत्रं मारत होतो, हे त्याला सहन होईना.

"पर पट्टा काढला तर रातीला बिबट्या न्हाई का न्यायचा?" तो कसाबसा म्हणाला.

दादाभाऊने गोठ्याशेजारच्या लोखंडी जाळीच्या खोपीकडे बोट केलं. त्याची स्वतःची कुत्री बिबट्याने नेली, त्यानंतर त्याने ही खोपी बांधली होती. पुन्हा कुत्रं पाळायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. खोपी तशीच रिकामी होती.

"हितं ऱ्हाऊ दे, बरा व्हईस्तोवर. पर पारावर जेवढ्या मोठ्यानं माझं नाव घेतलंस, तेवढ्याच मोठ्यानं आज हेबी सांग."

हौशीरामाने मान डोलावली. घरी जाऊन स्प्रेची बाटली आणली, दादाभाऊच्या हातात दिली आणि तसाच पाराकडे चालू लागला.