शनवार तेल्यांचा थांबा

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या ज्यू वारशाची पायी टूर रविवारी सकाळी वेस्टर्न रस्त्याच्या कोपऱ्यावरून सुटायची. कुठे थांबायचं आणि काय सांगायचं, हे तिथल्या इतिहास मंडळानं ठरवून दिलेलं होतं. त्यातलं एक वाक्य गाइड सरला पेझारकरच्या तोंडून दर वेळी अडखळतच निघे. उल्हासच्या किराणा दुकानासमोर उभं राहून गाइडनं म्हणायचं असे, ‘इथून ज्यू गेले आणि भारतीय आले.’

सरला ज्यू होती आणि अलिबागची होती. कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्रायल समाजातली. तिच्या खापरपणजोबांचा तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरात बोलणं मराठी, रविवारी बोंबील, सणाला पुरणपोळीच्या जागी नारळाच्या दुधातला हलवा. त्यामुळे हे वाक्य म्हणताना आपण गेलो की आलो, हे तिला कळत नसे.

“वाक्य काढायचं तर तिथे दुसरं काहीतरी द्यावं लागेल,” मंडळाच्या प्रमुख मिसेस फेल्डमन तिला म्हणाल्या होत्या. “आपला नियम तुला माहीत आहे. इमारत उभी हवी, आणि तिथे घडलेलं स्वतः पाहिलेल्या माणसानं निदान एकदा त्या जागी उभं राहून ते सांगायला हवं. ऐकीव गोष्टीला आपण थांबा देत नाही.”

सरलाला नियम पटला होता. पंचाईत हीच होती. इमारत उभी होती. उल्हासचं दुकान आहे तिथे आधी लेवीन यांची बेकरी होती आणि वरच्या दोन खोल्यांत एकाहत्तर साली तिचा नवरा शालोम आणि थोरले दीर हनोक भाड्यानं राहत होते. शिकागोतला पहिला मलिदा त्या खोल्यांत झाला. गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं, आणि त्या तबकापुढे बसून एलियाहू पैगंबराच्या नावानं मराठीत गाणी. नवस फेडायला, नोकरी लागली म्हणून, बाळ झालं म्हणून कोकणातले ज्यू करतात तसा. पण सरला लग्न होऊन आली ती नंतर. तिच्यासाठी हे ऐकीवच. शालोमला जाऊन तीन वर्षं झाली होती. पाहिलेले एकटे हनोकभाऊजी उरले होते.

गुरुवारी तिनं त्यांना फोन केला.

“नाही,” भाऊजी म्हणाले.

“पुरतं ऐकून तरी घ्या.”

“ऐकलं. रस्त्यात उभं राहून मलिद्याचं सांगायचं. नाही. सरला, सिनेगॉगमध्ये सगळे मला बगदादचा समजतात, हे तुला ठाऊक आहे.”

तिला ठाऊक होतं. भाऊजी शिकागोत पहिल्यांदा एका सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गेले तेव्हा खरं बोलले होते. कोकणातले ज्यू कुणी ऐकलेच नव्हते. आधी विधिपूर्वक धर्मात या, मग सभासद व्हा, असं त्यांना सांगण्यात आलं. दोन हजार वर्षं शनिवार पाळून पुन्हा धर्मात यायचं? भाऊजी निघून आले. पुढच्या वर्षी दुसऱ्या सिनेगॉगमध्ये गेले आणि म्हणाले, आम्ही मूळचे बगदादचे, मुंबईला व्यापाराला आलेले. तिथे कुणी पुढे काही विचारलं नाही. आता ते तिथले विश्वस्त होते आणि त्यांच्या नातीचं लग्न त्याच सिनेगॉगला येणाऱ्या एका कुटुंबात ठरत होतं.

“तुमचं नाव मी घेणार नाही,” सरला म्हणाली.

“मग दुसरं कोण बोलणार? उल्हास? तो तर त्र्याऐंशीत आला.”

“ते मी बघते. पण त्या जागी गप्प मी राहणार नाही, भाऊजी.”

“शालोमसारखीच हट्टी झालीस.”

“त्यांच्याकडूनच शिकले.”

तोड उल्हासनंच काढली. “वहिनी, बेकरीवाल्या आजी आहेत की अजून! वेलदोडे मागवतात माझ्याकडून. बेकरीत पावात घालायच्या म्हणे. वरच्या पोरांनी शिकवलं.”

मिसेस लेवीन वृद्धाश्रमात राहत होत्या. कान शाबूत, नजर अधू, जीभ तिखट. सरला भेटायला गेली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “चालावं लागेल?” नाही म्हटल्यावर दुसरा, “माईक देणार?” तोही नाही म्हटल्यावर त्या जराशा नाराजीनंच तयार झाल्या.

रविवारी हवा स्वच्छ आणि बोचरी होती. मिसेस फेल्डमन धरून बाराएक माणसं जमली. त्यांत मिस्टर ॲडलरही दिसले. भाऊजींच्या सिनेगॉगमध्ये ॲडलर पुढच्या रांगेत बसत. नातीचं लग्न ठरत होतं ते त्यांच्याच पुतण्याशी. नाव घ्यायचं नाही हे ठरलेलंच होतं. तिनं ते मनात पुन्हा एकदा घट्ट केलं आणि चालायला लागली.

पहिले थांबे नीट पार पडले. पुस्तकांचं दुकान होतं तिथे आता साड्या होत्या, मासेवाल्याच्या जागी मिठाई. सरला सनावळीत चुकली नाही. मिसेस फेल्डमन हाताची घडी घालून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती.

उल्हासनं दुकानाबाहेर खुर्ची मांडली होती. मिसेस लेवीन गुडघ्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. आणि गर्दीच्या मागे, भाजीच्या खोक्यांपाशी, टोपी कपाळावर ओढून हनोकभाऊजी उभे होते.

सरला तशीच त्यांच्याजवळ गेली. “तुम्ही कशाला आलात?”

“तू काय बोलतेस ते ऐकायला.”

“ॲडलर आहेत.”

भाऊजींनी मान वर करून पाहिलं. “आता निघालो तर उलट डोळ्यांत भरेल,” ते पुटपुटले. “सरला, अजून वेळ आहे. ते एक वाक्य म्हण आणि पुढे चल. एका वाक्यानं काय होतं?”

“काही होत नाही म्हणूनच पंचवीस वर्षं म्हणतोय आपण.”

ती परत पुढे आली. ठरलेलं वाक्य तिनं म्हटलं नाही. ती म्हणाली, “इथून ज्यू गेले, असं सांगायची पद्धत आहे. पण बेकरी चालू होती तेव्हा या जिन्यानं वर जाणारे काही ज्यू भारतातून आले होते. त्यांची भाषा मराठी. मी त्यांच्यापैकीच, पण तेव्हा मी इथे नव्हते. मिसेस लेवीन होत्या.”

मिसेस लेवीन यांनी घसा साफ केला. “दोघं भाऊ. भाडं वेळेवर. शुक्रवारी संध्याकाळी वर शनिवार पाळण्याचा दिवा लागायचा, आमच्याही आधी. आम्ही म्हणायचो, हे कुठले ज्यू? यांना आपली यिडिश भाषा येत नाही, आणि फिश करतात ते जाळ तिखट! एकदा त्यांच्याकडे बरीच माणसं आली. तबकात भिजवलेला भात की काय ते, गूळ, सफरचंदं, खजूर. एलायजाचं, त्यांच्या एलियाहूचं, नाव घेऊन गात होते. शब्द कळेना, पण एलायजा कळला. मी खालून ऐकत उभी राहिले. मला ताटली आणून दिली. वेलदोड्याचा वास होता.”

कुणीतरी हसलं. मिसेस फेल्डमन यांनी हाताची घडी सोडली.

“नावं आठवतात?” त्यांनी विचारलं.

सरला झटकन म्हणाली, “नावांची गरज नाही.”

“नावं नाही आठवत,” मिसेस लेवीन म्हणाल्या. “धाकटा गोड होता. थोरला शिष्ट. त्यानं माझी मागची पायरी फोडली.”

“पायरी?”

“नारळ आपटून! विधीसाठी नारळ हवा होता म्हणे. इकडे फोडायला दगड नाही, म्हणून माझ्या पायरीवर आपटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायरी तडकली. नवरा मरेपर्यंत त्या पोराला शिव्या देत होता.”

“त्या पायरीला आधीपासून तडा होता.”

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊजी आयुष्यभर पूल तपासणारे इंजिनियर. तोंडून निघालेलं वाक्य ते आता परत घेऊ शकत नव्हते, आणि अर्धवट सोडणंही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“बर्फानं गेलेला तडा होता,” ते म्हणाले. “आत पाणी शिरून गोठलं होतं. नारळानं काँक्रीट असं फुटत नाही.”

मिसेस लेवीन यांनी डोळे बारीक केले. “हाच तो शिष्ट!”

गर्दी हसली. ॲडलर हसले नाहीत. “हनोक,” ते म्हणाले, “तुम्ही इथे राहत होता?”

सरलाला वाटलं, आपण मधे पडावं, टूर पुढे न्यावी. तिनं तोंड उघडलंही. पण भाऊजींनी हात वर करून तिला थांबवलं आणि टोपी काढली. खाली त्यांची रोजची किप्पा, ज्यूंची चपटी गोल टोपी, होती.

“वर. मी आणि माझा भाऊ शालोम.”

“म्हणजे बगदादहून आल्यावर?”

“बगदाद मी पाहिलेलं नाही, मिस्टर ॲडलर. माझ्या आजोबांनीही नाही. आम्ही अलिबागचे तेली.” त्यांनी टोपी खिशात घातली. “पहिल्या सिनेगॉगमध्ये खरं सांगितलं होतं. त्यांनी मला पुन्हा ज्यू व्हायला सांगितलं. म्हणून तुमच्याकडे खोटं सांगितलं. ज्यू असण्याबद्दल नाही. गावाबद्दल.”

ॲडलरनी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.

“माझ्या भावाला हे सांगावं लागेल,” ॲडलर म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. “त्याचा मुलगा आहे.”

“तुम्ही नका सांगू. मी सांगतो. आज दुपारी तुमच्या भावाच्या घरी येतो.”

ॲडलर यांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच पोच, ते सरलाला उमगलं नाही.

मिसेस फेल्डमन पुढे झाल्या. “मिस्टर पेझारकर, मलिदा तुम्ही स्वतः पाहिलात?”

“मीच तर नवस केला होता. नोकरीचा.”

“मग इथे उभे राहा आणि सांगा. खुर्चीच्या डावीकडे. म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.”

भाऊजी आले. येताना सरलाजवळ थांबून हळूच म्हणाले, “उद्या लग्न मोडलं तर पोरीपुढे तू उभी राहायचंस.”

“राहीन. आजही येते तुमच्याबरोबर ॲडलरांकडे.”

“साडी नेस. गेलोच तर मग धड आपल्यासारखे जाऊ.”

मग ते बोलले. आधी अडखळत, मग पूल समजावून सांगावा तसं टप्प्याटप्प्यानं: पोहे कुठून आणले, नारळ कोणत्या दुकानात मिळाला, गाणं कुणी सुरू केलं. गाताना शालोमचा आवाज चिरकत होता हेही सांगितलं. उल्हास दारात हात पुसत ऐकत राहिला. मिसेस लेवीन दोनदा मधे बोलल्या, दोन्ही वेळा पायरीवरून.

संपल्यावर मिसेस फेल्डमन सरलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लांबलं. पुढच्या वेळी निम्म्यात बसव. पायरीचं ठेव.”

“आणि ते जुनं वाक्य?”

“ते तू म्हटलंच नाहीस. आता कुणीच म्हणायचं नाही.”

गट पांगायला लागला होता. काहीजण दुकानात शिरून पोहे मागत होते. अजून कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू ओलांडून पलीकडचे थांबे राहिले होते. सरलानं हात वर केला, आवाज चढवला आणि सगळ्यांना सिग्नलकडे घेऊन निघाली. वळून पाहिलं तेव्हा भाऊजी आणि ॲडलर गटाच्या शेवटी, मधे हातभर अंतर ठेवून, चालत येत होते.