मधल्या खोलीतली कडी

हणमंतरावांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा जुना वायसर काढला, नवा बसवला आणि नळ दोनदा उघडझाप करून पाहिला. थेंब थांबला. सकाळी तक्रार आली आणि जेवणाआधी काम झालं. असा घरमालक अख्ख्या जे. पी. नगरात शोधून दाखवा, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर भाडेकरूची बायको उभी, म्हणून ते नुसतेच पाना पुसत राहिले.

"काका, आणि एक काम होतं," अश्लेषा म्हणाली.

"बोल की."

"मधल्या खोलीत छताला एक कडी बसवून मिळंल काय? स्वल्प जास्ती मजबूत पाहिजे."

पाना पुसणारा हात थांबला. "कडी कशाला?"

"अशीच. असू दे म्हणून."

"अशीच म्हणून कुणी स्लॅबला भोक पाडतं का, बाळ? उद्या पाणी झिरपलं तर? गिरीराज आला की त्याला विचारून बघू."

 अश्लेषानं ओट्यावर सांडलेलं पाणी पुसायला घेतलं, ते पुसून झालं तरी पुसतच राहिली.

दुरुस्ती म्हटली की हणमंतराव एका पायावर तयार. बिजागरी कुरकुरली, तेल घेऊन हजर. दिवा गेला, नवा घेऊन हजर. पण बदल म्हटला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. अश्लेषाच्या नवऱ्यानं, अभिजीतनं, आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी कमोड मागितला होता. खाली यायला नको म्हणून पाण्याच्या मोटरचं बटण वर मागितलं होतं. दोन्ही वेळा उत्तर तेच, गिरीराज आला की बघू. गिरीराज हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वरचा मजला त्याच्या संसारासाठी चढवलेला. लग्न झालं आणि तो चंदनाला घेऊन दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकेला गेला, आणि ती दोन वर्षं काही केल्या संपत नव्हती. बंद घर खराब होतं, एवढ्यासाठीच हणमंतरावांनी भाडेकरू ठेवले होते. निपाणीकडची पोरं, या कानडी शहरात घरात मराठी बोलणारी, तेवढंच बरं. पण घर गिरीराजचं. लोकांनी त्यात आपल्या सोयी करून घेतल्या, तर तो आल्यावर उतरणार कुठं?

दुपारी त्यांना काही डोळा लागेना. वर पावलं वाजली की ते छताकडे बघायचे. कडी मागते म्हणजे झोपाळाच टांगणार, दुसरं काय. मग दिवसभर कुरकुर, कुरकुर, आणि खाली आपण डोकं धरून बसायचं. ते उठले, गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उचलून पाहिलं, खाली आले, फाटकाची कडी उगाच लावली, उघडली, परत लावली.

"तुमच्या पायाला भिंगरी लागली का हो आज?" त्यांच्या पत्नी शालनताई म्हणाल्या. त्या अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होत्या.

"तुझ्या लाडक्या पोरीला आता झोपाळा पाहिजे."

"कोण म्हणालं झोपाळा?"

"छताला कडी मागते. मग काय कंदील लावणार आहे?"

शालनताईंनी हातातल्या मिरच्या ताटात टाकल्या. "सातवा लागलाय तिला. तुम्हाला दिसत नाही? नळाकडे बघता, बिजागरीकडे बघता, माणसाकडे बघा की कधी."

"मग पाळण्याला पाहिजे म्हणून सांगायचं."

"कसं सांगेल? पोटात आहे तोवर पाळण्याचं नाव कुणी काढतं का? आई नाही तिला. बाळंतपण इथंच करायचं, मी न्हाऊ घालायचं, असं आमचं ठरलं होतं. आता अभिजीत तिकडं बनशंकरी भागात दुसरं घर बघून आलाय."

"कडीसाठी?"

"कडीसाठी, कमोडसाठी, बटणासाठी. सारखं दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतंय म्हणाली. रडत होती." शालनताईंनी ताट बाजूला सारलं. "वरनं पोराचा आवाज येईल म्हणून मी दिवस मोजतेय, आणि तुम्ही भोकाचं घेऊन बसलाय."

 हणमंतरावांना राग आला होता, आणि कुणाचा ते त्यांना नीट कळत नव्हतं. रविवारी फोन येईल तेव्हा गिरीराजला विचारू, तो नको म्हणाला की प्रश्न मिटला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ते टेबलाशीच उभे होते. हवा-पाणी झालं, तब्येती झाल्या.

"वरच्या घरात एक कडी बसवायची म्हणतायत," ते म्हणाले. "मधल्या खोलीत. तुझं काय म्हणणं?"

"कडी?" पलीकडून गिरीराज हसला. "अण्णा, ते घर तुमचं आहे हो. मला कशाला विचारता?"

"तुझ्यासाठी बांधलंय म्हणून विचारतो."

पलीकडून गिरीराजनं घसा खाकरला.

"माझ्यासाठी म्हणून अडवून ठेवू नका, अण्णा. मी सांगणारच होतो. आम्ही इकडंच घर घेतोय."

"सरी, बरं," हणमंतराव म्हणाले आणि फोन शालनताईंच्या हातात देऊन मागच्या दारी गेले.

शिडी काढली, हातोडी आणि छिन्नी घेतली. जिन्यात शिडी दोनदा भिंतीला आपटली, रंगाचा टवका उडाला. एरवी त्यांनी चारचौघांना ऐकवलं असतं. आज वळूनसुद्धा पाहिलं नाही. अभिजीतनं दार उघडलं आणि गडबडून बाजूला झाला.

"कडी बसवायची ना?"

"काका, राहू दे की. आम्ही बघतोय दुसरीकडं..."

"शिडी धर."

"ड्रिलवाल्याला बोलावू काय?"

"नको."

ते मधल्या खोलीत आले. मापबिप काही घेतलं नाही. शिडी उभी केली, वर चढले आणि छिन्नीचे चार घाव घातले. गिलाव्याची खपली सुटून खाली पडली. आत खोबणीत एक जाड लोखंडी कडी निजवलेली होती. हणमंतरावांनी बोट घालून ती खाली ओढली.

"हितं आधीच आहे की," अभिजीत म्हणाला. "कुणी बसवली?"

"गवंड्यानं सोडली असेल. चुकून."

"वजन पेलंल?"

"पेलेल की. स्लॅबच्या सळयांना तारेनं आवळून बांधलीय. मी स्वतः..."

ते थांबले. दारात शालनताई उभ्या होत्या. फोन ठेवून तशाच वर आल्या होत्या, डोळे लाल झालेले. गिरीराजचं नुसतं लग्न ठरलं होतं, तेव्हा हा स्लॅब ओतला होता. तेवढ्यात हा माणूस नातवंडाच्या पाळण्याची तजवीज करून मोकळा झाला होता. आधी करू नये ते केलं, म्हणून बायको बोलेल, या भीतीनं त्यांनी घरात ब्र काढला नव्हता. पुढं भाडेकरू यायच्या आधी, ती देवळात गेलेली असताना, त्यांनीच कडी वर दाबून गिलावा मारला होता.

शालनताई कडीकडे बघत राहिल्या.

"कधी बांधली?"

"स्लॅब ओतला त्या दिवशी."

"मला बोलला नाहीत."

हणमंतरावांनी कपाळावरची चुन्याची भुकटी पुसली. मागून अश्लेषा येऊन उभी राहिली होती. तिनं वर पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. शालनताईंनी तिला खांद्याला धरून बाहेर वळवलं.

"तू जा गं बाहेर. धूळ आहे."

मग त्या शिडीपाशी आल्या.

"उतरू नका एवढ्यात," त्या म्हणाल्या. "गंज धरलाय तिला. खोबरेल आणते."

त्या जिना उतरून गेल्या. हणमंतराव एक हात कडीत घालून शिडीवरच उभे राहिले.