पाटीवरची बारावी ओळ

मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. लाँड्रीचं इस्त्री खातं, दोन नंबरचं यंत्र. यंत्राच्या पुढे बटणापाशी एक माणूस उभा होता, मागे रोलरपाशी एक बाई. मी शेजारच्या भिंतीवर असायला हवी होते. नव्हते.

मी एक पाटी आहे. पाटी बोलतेय म्हणून हसू नका. ज्यांनी बोलायला हवं होतं ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, म्हणून माझ्यावर ही वेळ आली. माझ्या अंगावर एकच शब्द आहे, 'थांब'. तो अकरा भाषांत लिहिलेला आहे आणि अकरा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला आहे.

दोन नंबरचं यंत्र ज्या खोक्यातून आलं, त्या खोक्याची मी एक बाजू. यंत्र बसलं, खोकं मोडलं. बाकीच्या फळ्या कुठे गेल्या मला माहीत नाही. मी मागच्या दाराला टेकून दोन वर्षं ओल खात उभी होते. तिथून मला अक्काने उचललं.

अक्का म्हणजे चादरींच्या घड्या घालतात त्या टेबलावरची मुख्य बाई. साठीला टेकलेली, जिभेला हाड नसलेली. नात्याने ती तिथे कुणाचीच अक्का नव्हती, पण हाकेला सगळ्यांची होती. इस्पितळांच्या चादरी आमच्याकडे धुवायला यायच्या, आणि माणसं कामाला यायची ती निम्म्या जगातून. बारा जणांच्या पाळीत सात-आठ भाषा, सगळ्या पाळ्या मिळून अकरा. कामापुरती इथली भाषा सगळ्यांना यायची: चादर, उशी, ओली, कोरडी, चालव, थांब.

आता काम कसं चालायचं ते नीट ऐका, कारण चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते नीट ऐकलं नाही. ओली चादर यंत्रात पुढून सारायची. ती तापलेल्या रोलरांमधून जाते आणि मागून कडक होऊन बाहेर पडते. कधीकधी ती रोलरलाच गुंडाळून बसते. मग एकाने मागे जायचं, झाकण उघडायचं, चादरीचं टोक शोधायचं. पुढच्याने बटणावर हात ठेवायचा. मागून हाक आली की रोलर बोटभर फिरवायचा, हाक आली की थांबवायचा. मधे हे एवढं धूड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळी भिस्त कानांवर.

एकदा बटणावर अक्का होती. मागच्या माणसाने काहीतरी ओरडून सांगितलं, तिला ते कळायला क्षणभर उशीर झाला, आणि त्याचं कोपर भाजलं. थोडक्यात निभावलं. अक्काने त्याच्या कोपराला मलम लावता लावता त्याला झापलं. सहा वर्षं झाली इथे येऊन, आमचं 'थांब' तुला येत नाही होय?

तो म्हणाला, "येतं की अक्का. पण भाजायला लागल्यावर आईची भाषा आधी आली, तुमची मागून."

दुसऱ्या दिवशी अक्काने सुताराकडून मला कापून, घासून घेतलं, पांढरा रंग दिला आणि कपड्यांवर नंबर घालायची ती खुणेची शाई आणून ठेवली. ती शाई उकळत्या पाण्यातही जात नाही. म्हणाली, ज्याने त्याने आपल्या घरचं 'थांब' आपल्या हाताने लिहायचं.

मला भाषांची नावं येत नाहीत, मला माणसं येतात. भाजलेल्या कोपराच्या माणसाने 'दुर' लिहिलं, सगळ्यांत आखूड, शिंकेएवढं. उंच बाईने 'सिमामा' लिहिलं आणि म्हणाली, आमच्यात उभं राहा म्हणायलाही हेच म्हणतात. त्यावर 'निल्लु' लिहिणारा म्हणाला, अरे, आमच्यातही. तिसरा 'किफ' लिहून मागे वळला, आमच्यातही तसंच. मग बराच वेळ तिघेही एकमेकांकडे बघत उभे राहिले, लांबचे नातेवाईक लग्नात अचानक भेटावेत तसे. 'पारा' लिहिणाऱ्याने अक्षरांना वेलबुट्टी काढली म्हणून अक्काच्या शिव्या खाल्ल्या. एकाला लिहिता येत नव्हतं. त्याने शब्द म्हटला, तो दुसऱ्याने स्वतःच्या लिपीत उतरवला आणि त्याने खाली अंगठा उमटवला. तो अंगठा अजून माझ्या पोटावर आहे.

मला यंत्राशेजारी टांगल्यावर अक्काने एक शिरस्ता घालून दिला. रोज सकाळी यंत्र चालू करण्याआधी जोडीतल्या दोघांनी माझ्यासमोर उभं राहायचं. एकाने आपल्या ओळीवर बोट ठेवून शब्द मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तीनदा तसाच म्हणायचा. मग उलट. पहिले काही दिवस शाळेतल्या पोरांसारखे हसले सगळे. नंतर सवय झाली. चार वर्षं शिरस्ता चालला. त्या चार वर्षांत दोन नंबरच्या यंत्रावर एक फोडसुद्धा आला नाही. ही माझी बढाई नाही. दवाखान्याच्या वहीत बघा.

आणि मग मी साहेबांच्या नजरेत भरले.

साहेब म्हणजे व्यवस्थापक. इस्त्री खात्यात उकडतं म्हणून ते काचेपलीकडून बघायचे; उंटावरून शेळ्या हाकायची सवय. एका मोठ्या इस्पितळाची मंडळी पाहणीला येणार होती. पाहणीच्या आधी त्यांची पद्धत ठरलेली: आतलं जे जे चांगलं, ते ते पुढे आणून मांडायचं. नवे हातमोजे पुढे, नवी ढकलगाडी पुढे, पाहुणे गेल्यावर परत आत. पाटी बघून त्यांना भरून आलं. इतक्या देशांची माणसं, एक कुटुंब! त्यांनी मला उतरवलं, चौकट केली, वर काच बसवली आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लावलं.

अक्का तिथपर्यंत आली. एप्रन ओला, पायात रबरी बूट, सतरंजीवर पाण्याचे ठसे.

"साहेब, ही शोभेची नाही. कामाची आहे."

साहेबांनी तिला बसायलाही सांगितलं. ते वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. वाईट माणसावर निदान रागावता येतं. ते म्हणाले, छापील पाटी मागवली आहे, सुबक अक्षरांत, आठ दिवसांत येईल. तोवर त्यांनी भिंतीवर लाल पंजाचं चित्र चिकटवलं. चित्र सगळ्यांना कळतं, म्हणाले.

कळतं ना. पण यंत्रामागून मदतीची हाक मारायची तर माणूस चित्र ओरडतो का?

पाहुणे आले, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले. हातमोजे आत गेले, ढकलगाडी आत गेली. मी राहिले. आठ दिवसांचे चाळीस झाले.

त्या चाळीस दिवसांत जुन्यांचं काही अडलं नाही, त्यांना एकमेकांचे शब्द पाठ होते. सकाळचा शिरस्ता मात्र मोडला. रिकाम्या भिंतीपुढे उभं राहून बोट कुठे ठेवणार? एकतिसाव्या दिवशी नवी आली. तिला सगळे 'नवी'च म्हणायचे. पंचविशीची, कामाला चपळ, इथल्या भाषेतले सात-आठ शब्द येणारी. अक्का तिला माझ्याकडे घेऊन आली. माझ्या तळाशी बोटभर रुंद जागा मोकळी आहे, बाराव्या ओळीची. अक्काने शाईची बाटली पुढे केली, खुणेने सांगितलं, लिही. नवीने हात पुढे केला आणि बोट काचेवर आपटलं.

अक्काने काच काढून द्या म्हणून विनवलं. साहेब बाहेरगावी होते. कारकून म्हणाला, चौकट त्यांनी स्वतः करून घेतलीय, मी हात लावला तर माझी नोकरी जाईल. सोमवारी आले की विचारतो. सोमवारी साहेबांना बैठका होत्या. अक्काने नवीला तोवर घडीच्या टेबलावरच ठेवायचं ठरवलं होतं. मंगळवारी अक्काला ताप आला.

बटणावर होता तो पैलवान. नावाचा पैलवान, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून तर ते नाव. त्या दिवशी माणसं कमी, म्हणून नवीही यंत्रावर, चादरींचे ढीग छताला लागलेले. चादर गुंडाळली. नवी मागे गेली. तिने 'चालव' म्हटलं, त्याने बोटभर चालवलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चालवलं. मग तिने वेगळं काहीतरी म्हटलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण चौकशी बाहेरच्या खोलीत झाली, माझ्या पुढ्यात. चौकशी अधिकारी सोफ्यावर बसले, त्यांच्या डोक्यावर मी. प्रत्येक जबाब माझ्याकडे तोंड करून दिला गेला. पैलवान उभा राहिला तेव्हा त्याचा शर्ट अंगावर नुसता लोंबत होता.

"हाक ऐकली होतीस?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ऐकली."

"मग?"

"कळली नाही, साहेब. मला वाटलं, चालव म्हणतेय तिच्या भाषेत. मी अजून बोटभर..."

लेखनिकाने लिहून घेतलं: हाक ऐकूनही योग्य कृती केली नाही. मी वरून वाचलं ते. अहो, त्याचा हात बटणावरच होता. थांबवायला अर्धा क्षण लागला असता. त्याच्याजवळ सगळं होतं, एक शब्द नव्हता. तो माझ्यावर असायला हवा होता आणि माझ्यावर काच होती. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर संन्यासी हाताशी लागतोच. पैलवानाला घरी बसवलंय.

नवीचा उजवा हात मनगटापासून गेला. जीव वाचला.

तिची थोरली बहीण दुसऱ्या दिवशी आली. कुठल्याशा वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात भाजी चिरते. इथली भाषा तिला बऱ्यापैकी येते. ती सहा दिवस येत होती. आपलं कुणीतरी ऐकून घेईल म्हणून दारालगतच्या खुर्चीवर बसायची, मांडीवर पिशवी. कारकून तिला पाणी द्यायचा आणि थांबा म्हणायचा. तिसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन अक्का आली आणि तिच्याशेजारी बसली. मग अक्काने विचारलं, बाई, तुमच्यात थांब कसं म्हणतात?

"बाईमाणसाला की गड्याला?"

"गड्याला. यंत्र थांबव म्हणायला."

"अकुम," ती म्हणाली.

तोंड उघडून सुरू होतो आणि ओठ मिटून संपतो. इतकाच शब्द. म्हणून बघा, श्वाससुद्धा पुरा लागत नाही. त्या दिवशी खात्यात असलेल्या तिघी सांगतात की तो त्यांनी सात-आठ वेळा ऐकला.

अक्काने एप्रनच्या खिशातून शाई काढली. थोरली उठली आणि माझ्या काचेवर, बरोबर बाराव्या ओळीच्या जागी, तिने तो शब्द लिहिला. चौकोनी, पाय फुटलेली अक्षरं, ओळीत उभी राहिलेल्या माणसांसारखी. अक्काने तो तीनदा म्हटला.

संध्याकाळपर्यंत तो शब्द काचेवर होता. साहेबांनी बघितला आणि ते आत गेले. सकाळी काच स्पिरिटने पुसलेली होती. उकळत्या पाण्यात न जाणारी शाई काचेवरून एका फडक्यात जाते, हे मला तेव्हा कळलं.

छापील पाटी आता आलीय. वरातीमागून घोडं. गुळगुळीत, रंगीत, अकरा ओळींची. माझ्यावरूनच उतरवलेली, म्हणून अकराच. ती यंत्रापाशी लागलीय. नवी माणसं येतात, तिच्यापुढून जातात. बोट कुणी ठेवत नाही, कारण ठेवायला सांगणारी अक्का कामावर येत नाही. तिला विश्रांती घ्यायला सांगितलंय, कधीपर्यंत ते सांगितलेलं नाही.

अहवालही आला. त्यात लिहिलंय, 'सूचनाफलक दर्शनी भागात लावलेला होता.' खोटं कसं म्हणू? सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाला मी दिसते.

मी लाकूड आहे. मला धावता येत नाही, साक्ष देता येत नाही, या काचेला आतून तडा पाडता येत नाही. रोज तेच करावंसं वाटतं. तुम्ही हे वाचताय, तर एवढं करा: तुमच्याबरोबर काम करणाऱ्याला त्याच्या घरचं 'थांब' विचारून ठेवा. आजच विचारा. ते विचारायला पाटी लागत नाही.

आणि ही एक गोष्ट नोंदवून घ्या. अहवालाला एकोणीस जबाब जोडले आहेत. साहेबांचा आहे, कारकुनाचा आहे, काच बसवणाऱ्याचासुद्धा आहे. नवी दुसऱ्या दिवसापासून शुद्धीवर आहे, बोलते आहे. तिच्या नावापुढे लिहिलंय: 'दुभाषी उपलब्ध न झाल्याने जबाब घेता आला नाही.' ज्या खोलीत हे लिहिलं गेलं, त्याच खोलीत तिची बहीण सहा दिवस खुर्चीवर बसून होती.